आईच्या माहेरचा राब

आमच्या वसतिगृहामागे कॉलेजची बाग आहे. काल दुपारी माळ्याने तिथला पाचोळा ओढून ढीग केला आणि पेटवला. परीक्षेचा शेवटचा पेपर अजून व्हायचा आहे. मी खिडकीशी तर्कशास्त्राचे पुस्तक उघडून बसलो होतो. धूर आत आला. शेजारच्या खाटेवरचा मित्र खोकला आणि खिडकी लाव म्हणाला. मी लावली. पण तोवर तो वास खोलीत येऊन बसला होता. पुढची पाने मी वाचली की नुसती उलटली, हे मला सांगता येणार नाही.

आमच्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात वैशाख म्हणजे हाच वास. शहरातल्या वाचकाला राब म्हणजे काय ते कदाचित सांगावे लागेल. भात पेरण्याआधी रोपांपुरता जमिनीचा एक तुकडा भाजून काढतात. खाली वाळलेले शेण, त्यावर रानातून तोडून आणलेली टहाळे, त्यावर पाचोळा आणि गवत, आणि सगळ्यांवर बारीक मातीचा हात. मग वाऱ्याच्या उलट्या अंगाने विस्तव लावायचा. तसा लावला की जाळ भडकत नाही, धुमसत धुमसत पुढे सरकतो. तणाचे बी मरते, आणि त्या राखेत पेरलेले भात असे हिरवे उठते की पाहत राहावे. त्या दिवसांत माथेरानच्या पायथ्यापासून राजमाचीच्या पायथ्यापर्यंत निळसर धूर जागोजागी उभा असतो. मला लहानपणी वाटे, आभाळ खाली येऊ नये म्हणून गावागावाने टेकू लावले आहेत.

आमच्या घरात शाळेची पायरी ओलांडून पुढे गेलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय म्हणाल तर परीक्षेच्या उत्तरांपलीकडे नाही. जे लिहायचे आहे ते आईचे आहे, माझे नाही, आणि ते लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही याचीही खात्री नाही. पण यंदाचा वैशाख आला आहे, आणि मागचा अजून गेलेला नाही.

आमचे गाव पोशीर. सुट्टी लागली की तिथली पोरे मामाच्या गावाला जात आणि भाद्रपदापर्यंत पुरतील एवढ्या बढाया घेऊन परत येत. मी आईला विचारी, आपला मामा कुठे असतो? ती तांदूळ पाखडत असे, नाहीतर चूल फुंकत असे. "आपल्याला मामा नाय," एवढेच म्हणे. आवाजात दुःख नसे. जणू आपल्याला म्हैस नाही, तसा मामा नाही.

पुढे कळत गेले ते तुकड्यातुकड्याने, आणि तेही आईकडून कमी, आजीच्या टोमण्यांतून जास्त. आईचे माहेर राजमाचीखालच्या कोंडाणे लेण्यांच्या वाटेवर, डोंगराच्या अगदी पायाशी. गावाचे नाव मी लिहीत नाही. ती माणसे अजून तिथे राहतात. मानमोडीचा ताप आला त्या साली मी कडेवरचा होतो. त्या तापात आईचे आईबाप गेले, दोन्ही बहिणी गेल्या. गावागावाने वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. कोणी कोणाच्या गावात जात नव्हते, आईलाही जाऊ दिले नाही. घरात उरला होता तिचा धाकटा भाऊ गोमा. सहा वर्षांचा असेल. तो तापात पडलेला, आणि शेजारी दारातून आत डोकावायलाही तयार नाहीत.

त्या घरी चांगी नावाची एक कातकरीण लाकडाची मोळी घेऊन येत असे. मोळी टाकायला आली, हाक मारली, कोणी ओ देईना. ती आत गेली. पोराला तिने पाठीशी बांधले आणि डोंगरावरच्या आपल्या वाडीत नेले. तिथे तिने त्याला काय दिले, कसला पाला उगाळला, मला माहीत नाही. तो जगला.

खाली गावात मात्र घर रिकामे दिसले. लोकांनी मानले, पोरही गेले, कोल्ह्याकुत्र्याने ओढून नेले असेल. प्रेत नाही, मग पळसाच्या पानांचा बाहुला केला, त्याला अग्नी दिला, दिवस घातले. वैशाखात चांगी त्याचे बोट धरून वेशीवर आली. म्हणाली, "ह्यो घ्या तुमचा पोर." गाव जमले. मग कोणीतरी म्हणाले, आमचा पोर मेला, त्याचे दिवससुद्धा झाले. आणि दुसरे कोणी म्हणाले, इतके महिने हा कोणाच्या हातचे जेवला? चांगी पोराला घेऊन परत डोंगर चढली.

हे आईला कळले फार उशिरा. चांगीच एकदा करवंदांची पाटी घेऊन पोशीरला आली होती. आईचा ओळखीचा चेहरा पाहून तिने सांगितले. आईने वडिलांना विचारले. वडील माझे कठोर नव्हते. ते म्हणाले, "त्याचं समदं झालं गं. आता हाय म्हणून काय करशील?" त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघाला नाही.

मागच्या वैशाखात मी परीक्षा देऊन घरी गेलो. बहिणीचे, यमुनेचे, लग्न ठरत आले होते. पाहुणे येत होते, जात होते. एका सकाळी आई विहिरीवर भांडी घासता घासता म्हणाली, "मला एकदा माहेराला ने."

मी म्हणालो, "बाबांना विचारू?"

"त्यांना इचारलं असतं तर तुला कशाला सांगितलं असतं?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू शिकलास. तू बोललास तर ऐकतील रं ते. घरी आणता येतो का बघू त्याला."

आपल्या शिक्षणाचा कोणाला तरी उपयोग आहे, हे मी त्या दिवशी प्रथम ऐकले. मला अभिमान वाटला. तो लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो राहिला नाही.

सकाळच्या गाडीने कर्जत स्टेशनात उतरून आम्ही चालत निघालो. आईच्या हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. गोमाला लहानपणी जवळा आवडायचा, असे तिने वाटेत सांगितले. एवढेच सांगितले. डोंगर जवळ येत गेला तशी ती भराभर चालू लागली, इतकी की मला मागून हाक मारावी लागली.

तिचे घर म्हणजे आता नुसते जोते होते. कुडाच्या भिंती कधीच गेल्या. वासे मात्र कोणी नेले नव्हते, तापाच्या घराचे लाकूड कोण आपल्या घराला लावील? ते तिथेच कुजले होते. जोत्यावर आईच्या चुलतभावाने, हिरूमामांनी, पेंढा रचून ठेवला होता. आई पायरीवर जरा थांबली. मग वर चढली आणि पेंढ्याच्या कडेकडेने चालत मला दाखवू लागली. इथे चूल. इथे तिचे बाबा निजायचे. इथे न्हाणी, तिथल्या दगडावर एकदा तिचे कपाळ फुटले होते. जमिनीत पुरलेले उखळ तेवढे जसेच्या तसे होते. त्यात पाचोळा साचला होता. ती खाली बसली आणि हाताने तो काढत राहिली, उखळ अगदी स्वच्छ होईपर्यंत. मग तिच्याजवळ करण्यासारखे काही उरले नाही.

हिरूमामांनी आमचे चांगले केले. पाणी दिले, जेवायला वाढले. माझ्या चष्म्याकडे बघून म्हणाले, "काय रं, कालेजात नांगर धरायला शिकवतात का?"

"नाही मामा."

"मंग काय शिकवतात?"

मी म्हणालो, "तर्कशास्त्र." ते कसे सांगावे मला कळेना. म्हणालो, "खरं काय, खोटं काय, ते कसं ओळखायचं."

मामी आतून म्हणाली, "ते तर आमच्या हितली म्हस पन ओळखते. पाणी घातलेलं ताक तोंडाला लावत नाय." सगळे हसले. आईसुद्धा हसली. मी तिला माहेरी हसताना पाहिले ते तेवढेच.

दुपार कलल्यावर मामांच्या राबाला विस्तव लावायचा होता. आई म्हणाली, मी येते बघायला.

"उन्हात काय बघायचं गं त्यात?" मामी म्हणाली. "तुझ्या सासरी राब भाजत नायत का?"

"भाजतात. ह्यो माझ्या बाबाचा राब हाय."

मामीने मामांकडे पाहिले. मामा उठून चालू लागले होते. आईच्या वडिलांची जमीन आता मामाच कसत होते. दुसरे होते कोण? त्या जमिनीबद्दल आईला काही बोलायचे नव्हते, हे मी त्यांना सांगू शकलो असतो. पण त्यांनी विचारले नाही.

शेतात वाडीवरचे चारपाच कातकरी मजूर होते. राब रचून झाला होता. त्यांतला एक तरुण, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा दिसणारा, हातात काठी घेऊन राबाभोवती फिरू लागला. दर दोनचार पावलांवर काठी जमिनीवर आपटायची आणि हळू म्हणायचे, "उठा रं, उठा. चला, भाईर या." एक सापसुरळी सळसळत निघाली. मग उंदीर निघाला, त्याच्यामागे दुसरा. तो थांबला, त्यांना बांधापलीकडे जाऊ दिले, आणि पुन्हा काठी आपटली.

हिरूमामा मला म्हणाले, "दर साली ह्योच तमाशा. उंदरांची वरात काढल्याबिगर ह्याचा विस्तव लागत नाय."

आईने माझा दंड धरला. इतका घट्ट की नखे लागली. "बाबा असंच करायचे," ती म्हणाली. "गाव हसायचा त्यांना. दुसरं कोणी करत नव्हतं."

सहा वर्षांच्या पोराला बापाचे तेवढेच आठवत होते. कदाचित बापाचा चेहराही आठवत नसेल. मला वाटते, माणूस घर विसरतो, पण घराची एखादी रीत हातात राहून जाते. आणि ती ज्या जमिनीवर शिकला, त्याच जमिनीवर हा दर वर्षी येत होता, मजुरीला.

विस्तव लागला. मजूर ऐनाच्या झाडाखाली बसले. आई त्यांच्याकडे चालत गेली, मी मागे.

"गोमा," ती म्हणाली.

त्याने वर पाहिले नाही. "बुध्या म्हनतात मला, बाय."

"मी ठकू."

"वळखलं. सकाळी जोत्यावर उभी होतीस, तवाच वळखलं."

"मग बोलला का नाय रं?"

"तू बोलशील म्हणून वाट बघितली."

हिरूमामा घाईने आले. "ठके, चल गं हितून. धूर लागंल."

तेव्हा मी बोललो. ज्यासाठी मला आणले होते ते करायला हवे होते. मी म्हणालो, मामा, हा माणूस जिवंत आहे, आपण सगळे त्याला बघतो आहोत. जिवंत माणसाचे दिवस घातले ही चूक झाली. चूक झाली असे गावाने म्हणावे, एवढेच.

मामा माझ्यावर रागावले नाहीत. उलट समजावल्यासारखे म्हणाले, "मला दिसत नाय का तो जित्ता हाय ते? म्हणून तर समद्यांच्या आधी त्यालाच कामाला बोलावतो. पण पोरा, त्याच्या पिंडाला कावळा शिवला होता. लगेच शिवला. मी सोता बघितलाय. आता तो कावळा खोटा म्हणू?"

गोमा पहिल्यांदाच मान वर करून हसला. "कावळा शिवला? मला कुणी सांगितलंच नाय. मी वर वाडीत उपाशी, आन हितं माझा भात कावळ्यानं खाल्ला!"

मजूर खदखदून हसले. हिरूमामांनाही हसू आवरेना. मीही हसलो असेन. आई तेवढी हसली नाही.

"घरी चल माझ्या," ती म्हणाली. "पोशीरला."

गोमाचे हसू हळूहळू गेले. त्याने काठीने राख उकरल्यासारखी माती उकरली. "बायको हाय माझी," तो म्हणाला. "दोन पोरी हायत. चांगी म्हातारी हाय, तिला दिसत नाय आता. मी एकटा येऊन काय करू? समद्यांना नेशील? तुझ्या चुलीपाशी बसवशील?"

त्याने हे टोचून विचारले नाही. खरोखर विचारले. तो थांबला, आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिला.

मीही बघत राहिलो. मला आमची ओटी दिसत होती, ओटीवर बसलेले वडील, आजी, यमुनेला बघायला आलेले पाहुणे, त्यांच्यापुढे ठेवलेले पानाचे तबक. आईला काय दिसत होते ते मला ठाऊक नाही. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. राब धुमसत पुढे सरकत होता आणि वारा पडल्यामुळे धूर आमच्यातच उभा होता.

मग तिने फडके सोडले. "जवळा आणलाय," असे काहीतरी पुटपुटली आणि भाकऱ्या घेऊन पुढे झाली. अगदी त्याच्याजवळ गेली, हात लागेल इतकी. आणि शेवटच्या क्षणी तिचे हात वर गेले, जसे वाडीवरच्यांना काही देताना आमच्याकडे सगळ्या बायांचे जातात, जन्मभर जातात. तिने ते वर नेले असे मला म्हणवत नाही. ते गेले. पण त्याआधीच गोमा खाली वाकून, ओंजळ पसरून बसला होता. तिला सोपे जावे म्हणून. भाकऱ्या वरून त्याच्या ओंजळीत पडल्या.

माझ्या तर्कशास्त्राच्या पुस्तकात अगदी पहिल्या धड्यात लिहिले आहे, की एकच गोष्ट एकाच वेळी आहे आणि नाही, असे असू शकत नाही. आमचे प्राध्यापक हे फार सुंदर शिकवतात. वर्गात मी कधी हात वर करीत नाही. पण या वर्षभरात कितीदा तरी मला उभे राहून विचारावेसे वाटले, की सर, हे कुठले? हे कोणत्या गावचे? मी विचारले नाही, कारण त्यांचे म्हणणे बरोबर आहे हे मला कळते. कळून काही उपयोग नाही, एवढेच. सुधारणेवर आम्ही वसतिगृहात वाद घालतो, टाळ्या वाजवतो. तिथे बोलणाऱ्या कोणासमोर कोणी ओंजळ पसरून बसलेले नसते.

आज या घडीला राब भाजायचे दिवस आहेत. तो त्या बांधावर काठी आपटत फिरत असेल. हिरूमामा हसत असतील. हे पुढच्या वर्षी होईल, त्याच्या पुढच्या वर्षी होईल, आणि त्यात कोणीही दुष्ट नसेल. हेच मला सर्वांत जड जाते. दुष्ट कोणी सापडला असता तर निदान त्याच्याशी भांडता आले असते. मी शिकून आलो, तरी भांडणार कोणाशी? त्या कावळ्याशी?

आम्ही परत निघालो तेव्हा ऊन उतरले होते. हिरूमामा वेशीपर्यंत आले. मामीने आईची ओटी भरली. माहेरवाशिणीला रिकामी कशी पाठवायची? गोमा आला नाही, आणि आईने मागे वळून पाहिले नाही. वाट उल्हास नदीच्या काठाने जाते. वैशाखात नदी म्हणजे नुसते धोंडे, पण मधे मधे डोह राहतात. एका डोहाशी आई थांबली. ओटीचे तांदूळ आणि नारळ तिने धोंड्यावर ठेवले. मला वाटले, पाय धुणार. ती नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात उतरली, कमरेपर्यंत गेली, आणि डोक्यावरून बुडी मारली. वर आली, पुन्हा मारली.

आमच्याकडे जवळच्या माणसाच्या मरणाची बातमी आली की नेसत्या वस्त्रानिशी अंघोळ करतात. गोमाचे दिवस घातल्याचा निरोप पोशीरला आला तेव्हा आईने ही अंघोळ केली नव्हती. आजीने रागावून पाहिले, समजावून पाहिले. आई हलली नाही. डोळ्यांनी बघितल्याबिगर मी नाय करायची, म्हणाली होती.

ती केस पिळत उभी राहिली. म्हणाली, "तू पण ये."

"आई, ते जिवंत आहेत. आत्ताच तर आपण..."

"ये रं. भाचा हायेस."

मी चष्मा काढून धोंड्यावर ठेवला आणि उतरलो. पाणी दिवसभराच्या उन्हाने कोमट झाले होते. तिने माझ्या डोक्यावर ओंजळीने पाणी घातले, एकदा, मग आणखी एकदा, लहानपणी घालीत असे तसे कपाळावर हात आडवा धरून, डोळ्यांत जाऊ नये म्हणून. ती रडत नव्हती. निदान मला दिसले नाही. चष्म्यावाचून मला फारसे दिसत नाही.

ओल्या कपड्यांनीच आम्ही कर्जतची वाट धरली. वाऱ्याने वाटेतच ते वाळून गेले. स्टेशनात पोहोचलो तेव्हा आम्हा दोघांकडे पाहून कोणाला काही कळले नसते.